गहू-दूध बंद, पण रक्त कुणी तपासले?

वॉशिंग्टनमधील व्हाइट हाउसमधून २२ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या एका घोषणेने जगभरातील स्वमग्न मुलांच्या पालकांचे कान टवकारले. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प आणि त्यांच्या आरोग्य विभागाने ल्युकोव्होरिन या औषधाचे नाव स्वमग्नतेच्या, म्हणजेच ऑटिझमच्या संदर्भात घेतले आणि काही तासांतच ते मराठी घराघरांतल्या मोबाइलवर येऊन पोहोचले. वास्तविक ल्युकोव्होरिन हे काही नवे रसायन नव्हे. फोलेट या ब गटातील जीवनसत्त्वाचेच ते एक रूप असून, कर्करोगावरील मेथोट्रेक्सेट या औषधाचे दुष्परिणाम कमी करण्यासाठी ते कित्येक दशके वापरात आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मंजुरीची जी प्रक्रिया सुरू केल्याचे सांगितले, तीही मेंदूपर्यंत पुरेसे फोलेट पोहोचत नाही अशा विकारासाठी. मथळ्यांत मात्र उरले ते ‘ऑटिझमवर औषध’ एवढेच. या औषधाच्या बाजूने ज्या चाचणीचा दाखला सर्वाधिक दिला जातो, तिच्यात ४८ मुले होती आणि कालावधी होता बारा आठवड्यांचा. बोलण्यात सुधारणा दिसली, हे खरे. पण एवढ्या भांडवलावर कोणत्याही अन्य आजाराच्या औषधाची अशी जाहीर वाखाणणी झाली नसती.

जीवनसत्त्वाची एक गोळी, किंवा ताटातून वगळलेला एखादा पदार्थ, आणि मूल बोलू लागेल, ही आशा मात्र या घोषणेपेक्षा खूप जुनी आहे. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांत निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच पालकांच्या कानावर तीन गोष्टी हमखास पडतात: गहू बंद करा, दूध बंद करा आणि अमुक पूरके सुरू करा. सांगणारा कधी एखादा डॉक्टर असतो, कधी आहार सल्लागार, तर कधी उपचार केंद्राच्या बाकावर शेजारी बसलेली दुसऱ्या मुलाची आई. या सल्ल्याला एवढे बळ का येते, हे समजून घेणे अवघड नाही. वाचा-उपचारासाठी प्रतीक्षा यादी असते, व्यवसायोपचाराची सत्रे महाग असतात आणि त्यांचा परिणाम महिन्यांच्या नव्हे, वर्षांच्या हिशेबाने दिसतो. ताट मात्र आजच्या आज बदलता येते. घरातल्या बाईच्या हाती असलेली ती एकमेव गोष्ट असते. आणि म्हणूनच, मुलात फरक पडला नाही की ‘पथ्य नीट पाळले नसेल’ असा ठपकाही तिच्यावरच येतो.

गहू आणि दूध या दोघांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात का उभे केले गेले, याला एक इतिहास आहे. १९७९ मध्ये याक पँकसेप या शास्त्रज्ञाने स्वमग्न मुलांची लक्षणे आणि अफूसदृश द्रव्यांचा मेंदूवरील परिणाम यांतील साम्यावर बोट ठेवले. पुढे नॉर्वेतील कार्ल रायखेल्ट आदींनी असा तर्क मांडला, की गव्हातील ग्लुटेन आणि दुधातील केसीन ही प्रथिने या मुलांच्या आतड्यात पुरती पचत नाहीत. त्यांचे अर्धवट तुकडे रक्तात उतरतात आणि मेंदूवर अफूसारखे काम करतात. तर्क आकर्षक होता आणि तपासता येण्याजोगाही होता. तो तपासला गेला. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये ६५ स्वमग्न मुलगे आणि १५८ इतर मुलगे यांच्या लघवीचे नमुने तपासले गेले. अफूसदृश तुकडे ना यांच्यात सापडले ना त्यांच्यात.

आहाराच्या प्रत्यक्ष चाचण्यांचे निष्कर्षही फारसे वेगळे नाहीत. कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेला २००८ मध्ये विचारात घेण्याजोग्या केवळ दोन चाचण्या मिळाल्या आणि दोन्हींत मिळून मुले होती ३५. फ्लोरिडात २००६ मध्ये १५ मुलांवर बारा आठवडे झालेल्या चाचणीत कोणते जेवण कोणते, हे पालकांनाही ठाऊक नव्हते आणि निरीक्षकांनाही. मोजमापात फरक दिसला नाही. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर विद्यापीठात याहून कसोशीने काम झाले. १४ लहान मुलांना आधी काही आठवडे पूर्णपणे ग्लुटेन-केसीनमुक्त आहारावर ठेवले गेले आणि मग दर आठवड्याला एका खाऊतून कधी ग्लुटेन, कधी केसीन, कधी दोन्ही, तर कधी यांपैकी काहीच नाही, असे गुपचूप देण्यात आले. मुलांची झोप, शौच, चंचलता, इतरांशी होणारा संवाद, कशातही फरक पडला नाही. मुले थोडी आहेत, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ज्या आहाराने ‘चमत्कार’ घडतो असे सांगितले जाते, तो चमत्कार चौदा मुलांतही एखाद्यात तरी ठळक दिसायला हवा होता. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांसाठी असे वर्ज्य-आहार वापरू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे.

पण फरक पडल्याचे सांगणारे पालक खोटे बोलतात काय? मुळीच नाही. या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण आहाराचे नसून सिक्रेटिन या पाचक संप्रेरकाचे आहे. १९९८ मध्ये तीन मुलांत ते दिल्यावर सुधारणा झाल्याचे वृत्त आले आणि अमेरिकेत त्यासाठी झुंबड उडाली. पुढच्याच वर्षी साठ मुलांवर चाचणी झाली. सिक्रेटिन दिलेली मुले सुधारली. केवळ मिठाचे पाणी टोचलेली मुलेही तेवढीच सुधारली. निष्कर्ष सांगितल्यानंतरही ६९ टक्के पालकांनी या उपचारात आपल्याला अजून रस असल्याचे सांगितले. लहान मूल वाढत असते. उपचार असो वा नसो, सहा महिन्यांत ते दोन नवे शब्द शिकते, नजरेला नजर देऊ लागते, आणि त्या सहा महिन्यांत घरात जे काही नवे सुरू झालेले असते, श्रेय त्याच्या पदरात पडते.

याखेरीज आणखी एक कारण आहे आणि ते आपल्याकडे अधिक लागू पडते. मूल खात नाही म्हणून दूध, हा शहरी मध्यमवर्गाचा ठरलेला तोडगा. चार-पाच वर्षांचे होईपर्यंत बाटलीने दिवसाला लिटरभर दूध पिणारी मुले बालरोगतज्ज्ञांना नवीन नाहीत. स्वमग्न मुलांत हे प्रमाण सहज वाढते; कारण त्यांना पदार्थाचा पोत, रंग, वास यांतला किंचितसा बदलही सहन होत नाही आणि दूध मात्र रोज तेच असते. परिणामी पोट भरलेले, जेवणाला जागा नाही, बद्धकोष्ठता कायमची. शिवाय दुधात लोह जवळपास नसते आणि दुधातील कॅल्शियममुळे इतर अन्नातील लोहही कमी शोषले जाते. अशा मुलाचे दूध तोडले की पोट साफ होते, भूक लागते, झोप लागते, चिडचिड कमी होते. पोटात दुखते हे ज्याला सांगता येत नाही, ते मूल डोके आपटून किंवा स्वतःला चावून ते सांगते. २०१० मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने याच मुद्द्यावर भर देत, स्वमग्न मुलांच्या पोटाच्या तक्रारींची इतर मुलांइतकीच नीट तपासणी झाली पाहिजे, असे बजावले होते. तेव्हा दूध कमी केल्याने मूल सुधारले, हे पालकांचे निरीक्षण बरोबर असू शकते. चूक असते ती त्यामागच्या कारणाची. आणि कारण चुकले की उपायही भलतीकडे जातो: जिथे दूध अर्ध्या लिटरच्या आत आणून बद्धकोष्ठतेवर साधा उपचार केला असता तर भागले असते, तिथे दही, ताक, पनीर सारेच कायमचे हद्दपार होते.

जिथे अन्न खरोखरच औषध ठरते

आहाराचा आणि मेंदूच्या वाढीचा संबंध नाही, असे म्हणणे याहून मोठी चूक ठरेल. फिनाइलकेटोन्युरिया या जन्मजात विकारात प्रथिनांतील एका घटकाचे विघटन होत नाही आणि तो साठून मेंदूची हानी होते. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी बर्मिंगहॅममध्ये हॉर्स्ट बिकल यांनी तो घटक वगळलेला आहार एका मुलीला दिला आणि आज जन्मतःच निदान झालेली अशी मुले केवळ आहाराच्या बळावर सर्वसाधारण आयुष्य जगतात. औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारात कीटोजेनिक आहार भारतातील रुग्णालयांतही वापरला जातो, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ग्रॅमच्या हिशेबाने. मिठात आयोडीन घालण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम तर मुलांच्या बुद्धीच्या रक्षणासाठीच आहे.

आपल्या अगदी जवळचे उदाहरण ब-१२ जीवनसत्त्वाचे. सहा महिने ते दोन वर्षे वयाचे, केवळ अंगावरच्या दुधावर वाढलेले, गुटगुटीत दिसणारे पण फिकट पडलेले बाळ हळूहळू हसणे थांबवते, बसता येत असलेले बसेनासे होते, केस विरळ व भुरे होतात, बोटांच्या पेरांवर काळसरपणा येतो आणि एके दिवशी हातपाय, मान थरथरू लागतात. ‘इन्फन्टाइल ट्रेमर सिंड्रोम’ या नावाने भारतीय डॉक्टरांनी १९५० च्या दशकापासून वर्णिलेली ही अवस्था. यातील अनेक बाळांच्या माता शाकाहारी असतात, त्यांच्याच शरीरात ब-१२ नसते आणि म्हणून दुधातही उतरत नाही. ब-१२ सुरू केल्यावर काही दिवसांतच बाळ आजूबाजूला पाहू लागते. उशीर झाला तर मात्र बौद्धिक वाढीतील उणीव मागे राहू शकते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर जे काम केले आहे, त्याची दखल जगाने घेतली. आपल्याकडे ती घरांपर्यंत फारशी पोहोचली नाही. १९९३ पासून पुण्याच्या परिसरातील गावांत गर्भवतींच्या पोषणाचा मागोवा घेतल्यानंतर २००८ मध्ये या गटाने दाखवून दिले, की गरोदरपणी ज्यांच्या रक्तात ब-१२ अतिशय कमी होते, त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलांची एकाग्रता आणि तात्पुरती स्मरणशक्ती ब-१२ भरपूर असलेल्या मातांच्या मुलांपेक्षा उणी भरली. पुढे किशोरवयातच ब-१२ च्या गोळ्या दिलेल्या तरुण-तरुणींची मुले दोन वर्षांची झाल्यावर तपासली गेली, तेव्हा त्यांच्या विकासात लाभ दिसला. ही गोळी महाग नाही आणि परदेशातून मागवावीही लागत नाही.

लोहाचे चित्र तर याहून विदारक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयग्रस्त होती. देशाचा आकडा ६७.१ टक्के. म्हणजे पुरोगामी म्हणवणारा महाराष्ट्र देशाच्या सरासरीपेक्षाही मागे. लोहाच्या कमतरतेने मूल मलूल होते, लक्ष लागत नाही, झोप अस्वस्थ होते. स्वमग्नता किंवा अतिचंचलता असलेल्या मुलात ही भर पडली, तर उपचाराच्या सत्रातला अर्धा वेळ वायाच जाणार. ज्या शहरी घरांत मुलासाठी आयात केलेल्या पावडरींचे डबे ओळीने मांडलेले दिसतात, तिथे मुलाचे हिमोग्लोबिन, फेरिटिन, ब-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड यांच्या तपासण्या झाल्या आहेत का, हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. विचारला जातो तो बहुधा शेवटी. ग्लुटेनबाबतही तेच. सीलिअॅक हा गव्हामुळे होणारा खरा आजार आहे; त्याची रक्ततपासणी आहे, पण ती मूल गहू खात असतानाच करावी लागते. आधी गहू बंद करून मग तपासणीला गेलेल्या पालकांना अहवाल निर्दोष मिळतो आणि आजार असल्यास तो झाकलेलाच राहतो.

माशाचे तेल आणि नारिंगी सरबत

पूरकांत सर्वाधिक खप असलेल्या ओमेगा-३ ची कथा शिकण्यासारखी आहे. इंग्लंडमधील डरहॅम येथे ११७ मुलांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हालचालींतील अडचणी जशाच्या तशा राहिल्या, पण वाचन आणि वर्तन सुधारल्याचे दिसले. बातम्या झाल्या, कॅप्सूल विकल्या गेल्या. २०१२ मध्ये ऑक्सफर्डशायरमधील ३६२ मुलांच्या चाचणीत एकूण गटात फरक पडला नाही. वाचनात सर्वांत मागे असलेल्यांत मात्र थोडा लाभ दिसला. संशोधकांनी मग प्रामाणिकपणे तीच चाचणी केवळ मागे पडलेल्या ३७६ मुलांवर पुन्हा केली. २०१८ चा निष्कर्ष: काहीही फरक नाही. पहिल्या बातमीने विकत घेतलेली बाटली तिसऱ्या बातमीने परत केली जात नाही, हा या व्यापाराचा पाया आहे. ज्यांच्या घरी मासे चालतात, त्यांनी बांगडा आणि तारली आठवड्यातून दोनदा केली तर हेच ओमेगा-३ प्रथिनांसह मिळते आणि जेवणही होते.

खाद्यरंगांबाबत मात्र पुरावा तुलनेने बरा आहे. साउदॅम्प्टन विद्यापीठाने २००७ मध्ये तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ सर्वसाधारण मुले घेऊन सहा कृत्रिम रंग व सोडियम बेंझोएट यांची मिश्रणे तपासली. सरासरी परिणाम लहान, पण अतिचंचलता वाढल्याचे दिसले. त्यानंतर २० जुलै २०१० पासून युरोपीय संघाने या सहा रंगांपैकी कोणताही असलेल्या पदार्थांवर, मुलांच्या हालचालींवर व अवधानावर विपरीत परिणाम होऊ शकतो, असा इशारा छापणे सक्तीचे केले. त्या सहांपैकी टारट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पाँसो ४आर हे चार रंग भारतात परवानगी असलेल्यांत आहेत. आपल्याकडच्या वेष्टनावर ‘परवानगीप्राप्त कृत्रिम रंग आहे’ एवढेच लिहिलेले असते. नारिंगी सरबत, रंगीत गोळ्या, वाढदिवसाचा केक हे कमी केल्याने कुणाचे पोषण बुडत नाही. तेव्हा हा प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही. अतिचंचलतेवर तो उपचार आहे, असे मात्र नव्हे.

गव्हाचे पथ्य मराठी स्वयंपाकघराला पंजाबी घराएवढे अवघड नाही, हे खरे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांची भाकरी आपल्या अंगवळणी पडलेली आहे आणि नाचणीत कॅल्शियमही भरपूर असते. तथापि शाळेच्या डब्यातली पोळी, रव्याचा उपमा, शेवया, बिस्किटे आणि बहुतेक बांधानी हिंगात मिसळलेले गव्हाचे पीठ यांचा हिशेब करता करता घरातील माणसे थकतात. मुळात स्वमग्न मूल पाच-सहा पदार्थांवरच तगलेले असते. त्यातली पोळी आणि दही काढले की उरते काय? बाजारातले ग्लुटेनमुक्त चिप्स. अमेरिकेत २००८ मध्ये चार ते आठ वर्षांच्या ७५ स्वमग्न मुलग्यांच्या हाडांची तपासणी झाली. त्यांच्या हाडांची जाडी अपेक्षेपेक्षा कमी होती आणि दूध बंद असलेल्यांची आणखी कमी. इतिहासजमा झाला असे वाटणारा स्कर्व्हीसारखा आजार आज वैद्यकीय नियतकालिकांत दिसतो तो बऱ्याचदा मोजकेच पदार्थ खाणाऱ्या स्वमग्न मुलांत; लंगडणे, पाय टेकू न देणे, हिरड्यांतून रक्त येणे ही त्याची लक्षणे. पूरकांच्या वाटेवर पुढे ‘शरीरातील विषारी धातू काढण्याचे’ उपचारही भेटतात. २००५ मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात अशाच उपचारादरम्यान पाच वर्षांच्या एका स्वमग्न मुलाचा मृत्यू झाला.

कायद्याचे अंग पाहिले तर, अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम २२ नुसार पूरकांना कोणताही विशिष्ट आजार किंवा विकार बरा करण्याचा दावा करता येत नाही आणि वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे लिहावे लागते. वेष्टन त्यामुळे सहसा निर्दोषच असते. दावा केला जातो तो चार भिंतींच्या आत, तोंडी, सल्ल्याच्या रूपाने. आणि तो कुठल्याच निरीक्षकाच्या हाती लागत नाही.

मग करण्यासारखे काय आहे? याचे एक उत्तर गोव्यातून आले आहे. ‘संगत’ या संस्थेच्या सहभागाने गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत दोन ते नऊ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांवर झालेली चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. मोठे तज्ज्ञ नव्हे, तर प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते घरी गेले. सहा महिन्यांत बारा सत्रे झाली. आई-वडील मुलाबरोबर खेळतानाचे चित्रण त्यांनाच दाखवून, मुलाच्या इशाऱ्याला प्रतिसाद केव्हा व कसा द्यावा, हे शिकवले गेले. त्या पालकांचा प्रतिसाद मोजता येण्याइतका सुधारला आणि मुले स्वतःहून संवाद अधिक सुरू करू लागली. मुलांच्या आहाराला यात हातही लावला गेला नव्हता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणच्या सुमारे चार हजार मुलांच्या पाहणीत मात्र विकासात्मक अडचणींशी निगडित घटकांत प्रसूतीच्या वेळची गुदमर, नवजात अवस्थेतील आजारपण, कमी वजन यांच्या जोडीने कुपोषणाने खुंटलेली उंची होती. अन्नाचा प्रश्न आहेच. तो वगळण्याचा नसून न मिळण्याचा आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत २०१३ पासून उभारलेल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि उपचार विनामूल्य मिळणे अपेक्षित आहे. शहरी पालक तिकडे फारसे फिरकत नाहीत, आणि जे जातात त्यांना प्रत्येक पदावर माणूस भेटतोच असे नाही. पोटाचे दुखणे, रक्तातली उणीव आणि बोलण्यातला उशीर या तिन्ही गोष्टी एकाच छताखाली, एकाच कागदावर नोंदल्या जाण्याची सोय कागदोपत्री तरी तिथेच आहे.

एवढे करूनही ज्यांना आहारबदल करून पाहायचाच असेल, त्यांच्यासाठी रॉचेस्टरच्या चाचणीतले काही टप्पे घरीही पाळता येण्याजोगे आहेत. सीलिअॅक आणि लोह, ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्या आधी. बदल एका वेळी एकच. दूध काढले तर त्यातले कॅल्शियम आणि प्रथिने कुठून येणार, हे आहारतज्ज्ञाकडून आधीच लिहून घेतलेले. मुदत आठ-दहा आठवड्यांची, वजनाची नोंद ठेवून. शाळेतील बाईंना काय बदलले आहे हे न सांगता, मुलाबद्दल दर आठवड्याला विचारलेले तेच चार प्रश्न. आणि मुदत संपल्यावर तो पदार्थ पुन्हा सुरू करून पाहण्याची तयारी. बहुतेक घरांत हा शेवटचा टप्पाच राहून जातो.